खळ्यावरचं शीड

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. लडकू. घेतलं, काय झालं? छप्पर नाय पडलं. गेल्या आठ महिन्यांत गावानं त्याचं नाव चघळून चघळून चोथा केलाय, मग मी घेतलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाय.

लडकू शिडं शिवायचा. खर्डीच्या पुढं आमचं गाव. पुढं भाताची खाचरं, मागं जंगल. तिथला हा माणूस आटगावच्या एका शेडमध्ये बसून बोटींची शिडं शिवायचा, तीस वर्षं. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मांडववाला असेल. गावातली पोरं चिडवायची, "काय लडकूभाऊ, सिद्धगडावर बोट कधी चढवताय?" हा नुसता हसायचा. राग म्हणून नाय त्याला. आमच्या घरातला राग सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला आला. आणि एस.टी.त बसला की मुरबाड यायच्या आत ओकतो, तो बोटीत कसला बसतोय!

सुरुवात शहापूरला ताडपत्रीच्या दुकानात, ट्रकची कव्हरं शिवण्यात झाली. हात बघून आटगावच्या शेठनं त्याला उचलला. तळव्याला चामड्याचा पट्टा बांधायचा, त्याला एक लोखंडी चकती असते, तिनं सुई रेटायची. शिडाच्या कोपऱ्यात आठ-दहा पदर एकावर एक असतात, तिथं मशीन थकतं, तिथं लडकूचा हात लागायचा. कापड त्याला डोळे मिटून कळायचं. बाजारात मी साडी बघत असले की दोन बोटांत धरायचा नि म्हणायचा, "नको गो गुणा, दुसऱ्या धुण्यात अंग सोडेल." मी हट्टानं घ्यायची, नि ती दुसऱ्या धुण्यात अंग सोडायची.

मोठा शेठ वारला, त्याच्या गादीवर पोरगा बसला, भाविक त्याचं नाव. पोरगा वाईट नाय. कॉम्प्युटरवर शीड काढतो, कापायचं मशीन आणलं. पण बापासारखी कापडाला हात लावून बघायची सवय त्याला नाय.

गेल्या वर्षीच्या पावसात शेडचे पत्रे गळायला लागले. भाविकनं माल इकडंतिकडं हलवला. त्यातला जाड पांढऱ्या कापडाचा एक रोल, पन्नास मीटरचा, आमच्याकडं पाठवला. पत्रे बदलले की नेतो म्हणाला. आमी माळ्यावर चढवला. तिथं बियाणं, टोपल्या, सासऱ्यांची काठी, सगळंच असतं, त्यात तोही राहिला.

नोव्हेंबरात भात कापलं, भारे खळ्यावर आले, आणि झोडणीच्या तोंडावर अवकाळी आला. सारवलेल्या खळ्याचा चिखल झाला. ताडपत्री काढली तर उंदरांनी तिची चाळण केलेली. लडकू घरात नाय, अलिबागकडं कुणाच्या बोटीला शीड चढवायला गेलेला, आठ दिवसांसाठी. भात ओलं राहिलं तर मोड येणार. मी वर माळ्याकडं बघितलं.

आता तुमी म्हणाल, बाई, डोकं कुठं होतं तुझं? जाग्यावर होतं. मी म्हणलं, जे कापड समुद्राच्या वाऱ्याला भीत नाय, ते माझ्या भाताला काय भिणार? चार दिवस वापरायचं, धुवायचं, ठेवून द्यायचं. रोल सोडला, पट्ट्याशेजारी पट्टा अंथरला, खळं झाकलं. माप घेऊन आणल्यासारखं बसलं. चार दिवस त्याच्यावर भारे झोडले, पेंढा ओढला, पायांनी भात परतलं. मग मी नि माझी जाऊ भिमी, दोघींनी ते ओहोळावर नेलं नि दगडावर आपटून आपटून दोन दिवस धुतलं. वाळवलं, ताणलं, पुन्हा त्याच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं. आधी पापडासारखं कडकडायचं, ते कसं मऊ झालं! भिमी म्हणाली, "गुणाबाय, शेठचं काम वाचवलं आपण." मी पण खूष. करायला गेले गणपती नि झाला मारुती, हे तेव्हा कुठं ठाऊक!

लडकूला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर त्यानं "का?" विचारलं असतं, आणि मला कुणी "का?" विचारलेलं चालत नाय. डिसेंबरात टेम्पो आला, रोल गेला.

फेब्रुवारीत ते दोघं आले. योगिनीताई नि त्यांचे साहेब. दोघंही साठीच्या पुढचे. त्यांची बोट दोन पोटांची, कॅटामरान म्हणतात. तिच्यावरच राहतात, तिच्यावरच रांधतात. कोचीवरून निघून आफ्रिकेच्या पलीकडं जायचं होतं, दोघांनीच. जुनी शिडं उन्हानं गेलेली, नवी टिकाऊ हवी होती. लडकू त्या दिवशी डबा घरीच विसरलेला, म्हणून मी शेडमध्ये पोचले, तर टेबलावर कापडाचे तुकडे पसरलेले नि ही मंडळी भोवती उभी.

साहेबांना चकचकीत कापड आवडलेलं. हलकं, आतली जाळी दिसते. भाविकही तेच पुढं करत होता. मग साहेबांनी लडकूला विचारलं, "काका, तुम्ही काय घ्याल?"

"हे दोन पापुद्रे चिकटवलेले हायत साहेब," लडकू म्हणाला. "शर्यतीला बेस. पण ऊन नि दमट हवा खाऊन चार-पाच वर्षांत पापुद्रे सुटतात, मधी बुरशी धरते. लांब जायचं तर साधं विणलेलं घ्या. जड हाय, पण फाटलं तर बोटीवर बसून ताईसुद्धा शिवतील. शिवणीला तीन ओळी मारू, कारण उन्हानं दोरा कापडाच्या आधी मरतो. आणि डोलकाठीला धरणाऱ्या बाजूच्या तारांना शीड घासतं, तिथं पट्ट्या लावू."

"जाडी किती घ्यायची?"

"एवढ्या लांबीच्या बोटीला लागते त्याच्यावर एक नंबर जास्त. एका पोटाची बोट वाऱ्याची धडक आली की कलते, धडक सोडून देते. तुमची कलत नाय. सगळा मार कापड खातं."

वाकतो तो बांबू वाचतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळं मला ते लगेच समजलं.

भाविकनं विणलेल्या कापडांच्या रोलांतून कापलेले तुकडे मांडले. योगिनीताई एकेक घेऊन मुठीत चुरगळून बघत होत्या. तिसऱ्यावर थांबल्या. "अहो, हे बघा ना, किती मऊ आहे! कडक कापड आवरताना माझी नखं तुटतात, त्यात बोटांचे सांधे हे असे. हेच घेऊ या."

"हां मॅडम, सॉफ्ट फिनिश," भाविक म्हणाला. "लांब जाणाऱ्यांसाठीच बनवतात." खोटं नाय बोलला तो. त्याला खरंच तसं वाटलं.

मी वाकून बघितलं. तुकड्याच्या कडेला पेंढ्याचा पिवळट डाग होता, दगडावर घासूनही आमच्यानं न गेलेला.

लडकूनं तुकडा उचलला. दोन बोटांत धरून तिरका ओढला. कापड लांबलं, ते पुन्हा जाग्यावर आलं नाय. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, एकदाच. मग तुकडा खाली ठेवला नि म्हणाला, "ठीक हाय."

ठीक हाय! माझी साडीसुद्धा ज्यानं कधी ठीक म्हणली नाय, त्यानं!

संध्याकाळी अंगणात मी त्याला धरला. "काय झालंय त्या कापडाला? मला बनवू नका."

"तू काय केलंस ते आधी सांग."

मी सांगितलं. तो ओरडला नाय. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते. शांतपणे म्हणाला, "नव्या कापडात राळेसारखं भरण असतं, ते धाग्याला धाग्यापाशी धरून ठेवतं. तुमच्या आपटण्यानं ते फुटलं. आता धागे सरकतात."

"म्हणजे फाटेल?"

"आधी शिडाचं पोट सुटेल. वारा नको तेवढा धरून ठेवेल. मग शिवणीपाशी जाईल, जोराच्या वाऱ्यात."

"मग भाविकला सांगा की! सांगा, बायकोनं भात झोडलं त्याच्यावर."

"शेडमध्ये तुझं नाव निघायला नको," तो म्हणाला. "मी कोपरे दुप्पट भरतो. शिवण चार ओळींची मारतो. बघू."

"आणि त्यानं वाचेल?"

तो बैलाला पाणी दाखवायला उठून गेला.

आठवडाभर घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझ्या ताटातली भाकरी अर्धी राहायची. मी मनाला समजवायची, म्हणायची, आपल्याला काय करायचंय, कुठले कोण ते, बोटी घेऊन फिरायची हौस त्यांची. पुढच्या सोमवारी कापड कापायचं ठरलं होतं. सोमवारी लडकूनं डबा नेला होता, तरी मी वांग्याची भाजी करून दुसरा डबा घेऊन निघाले. का निघाले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

ते दोघं कापड कापताना बघायला आलेले. योगिनीताईंनी मला ओळखलं, शेजारी बसवलं. मी आपलं विचारलं, "भीती नाय वाटत ताई, एवढ्या पाण्यात?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "तीन तास हे झोपतात, तीन तास मी. माझी जागायची पाळी असली की चोहीकडे कोणी नाही. मग मी वर बघते. शीड नीट भरलेलं दिसलं की धीर येतो."

त्या वर बघणार नि वर काय असणार? मी नि भिमीनं दगडावर आपटलेलं. माझ्यानं राहावलं नाय.

"ताई, ते कापड घेऊ नका. मी त्याच्यावर भात झोडलंय."

सगळे हसले. साहेब तर खदखदून. भाविक म्हणाला, "काकी, काय पण तुमचं!"

मग मी उभी राहिले नि पहिल्यापासून सांगितलं. माळा, अवकाळी, ओहोळ, भिमी, सगळं. भाविक धावत गेला, रोल मशीनवरून उतरवून उभा केला. पुठ्ठ्याच्या नळीतून भाताचे दाणे जमिनीवर सांडले.

मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. मी कंबर कसूनच होते. पण योगिनीताईंनी माझ्याकडं बघितलंच नाय. लडकूकडं बघितलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

नाय म्हणला असता तर कोण सिद्ध करणार होतं? "हो ताई," म्हणाला.

"त्याच दिवशी? हात लावला तेव्हाच?"

"हो."

"आणि तुम्ही ठीक आहे म्हणालात."

लडकू तळव्याचा पट्टा सोडत होता, ती गाठ त्याला सुटेना. मला मधी पडून सांगायचं होतं की माझ्यासाठी केलं हो त्यानं. ती बाई ओरडली असती तर मी बोलले असते. ती भाविकला हळूच म्हणाली, "शीड नव्या कापडाचं करा, कडक असलं तरी चालेल. पण ह्यांचा हात नको लागायला."

भाविकनं लडकूला चार दिवस घरी बस म्हणून सांगितलं. त्या चार दिवसांना आठ महिने झाले. शीड दुसऱ्या कुणी शिवलं, ती दोघं निघाली, पलीकडं सुखरूप पोचली असा निरोपही भाविककडं आला. लडकू पुन्हा शहापूरला ताडपत्र्या शिवतो. गावात बाया म्हणतात, गुणीनं नवऱ्याच्या पोटावर पाय दिला. म्हणू देत. त्या दोन म्हाताऱ्या जीवांचं पाप डोक्यावर नाय, म्हणून मी जेवू शकते.

पण एक गोष्ट मला कुरतडत होती, नि परवा मी विचारलंच. तो ओटीवर ताडपत्रीला कड्या ठोकत बसलेला.

"अवो, मी तोंड उघडलं नसतं तर तुमी शिवलं असतं? का ऐन टायमाला सांगितलं असतं?"

मी ठरवलं होतं, तो "सांगितलं असतं" म्हणला की खरं मानायचं नि विषय मिटवायचा. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"शिवलं असतं," म्हणाला.

"ती बाई त्याच्याखाली एकटी बसणार, हे माहीत असून?"

"तिला मी दोनदा बघितली, गुणा. तुला सत्तावीस वर्षं बघतोय."

मी आत आले नि चुलीपुढं बसून रडले. माझ्या नवऱ्याची मला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली. आणि त्याहून जास्त भीती माझीच वाटली, कारण ते ऐकून मला कुठंतरी बरं वाटलं होतं.