बसच्या पोरांचं विज्ञान मंडळ

हे लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शाळेतल्या मंडळांबद्दल लिहायचं तर ज्यांनी बक्षिसं आणली त्यांनी लिहावं. मी तिथे बहुतेक वेळ थकून बसलेला असायचो.

कळंबच्या पलीकडे आमची शाळा. मंडळं पुष्कळ होती: हरितसेना, वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, स्काऊट. पोरं मात्र सगळीकडे तीच, शाळेच्या गावात घर असलेली. फोटोच्या दिवशी सकाळी स्काऊटचा स्कार्फ घातलेला मुलगा दुपारी तो काढून हातात रोप धरायचा. आम्ही बाहेरगावचे. आम्हाला ‘बसची पोरं’ म्हणत. शाळा सुटली की आमची एसटी उभी असायची, आणि मंडळं भरायची ती शाळा सुटल्यावरच. थांबलं तर मग अंधार पडताना येणारी शेवटची गाडी.

मी अकरावीत होतो तेव्हा आमच्या गावातली एक मुलगी आठवीत होती. बंद पडलेल्या फवारणी पंपाची मोटर काढून तिने घरी पंखा केला होता. विज्ञानाच्या सरांनी तो पाहिला आणि तिला मंडळात बोलावलं. तिच्या वडिलांनी एकच अट घातली: शेवटच्या गाडीने मी सोबत असलो तरच.

मी कला शाखेचा. तरी दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी विज्ञान मंडळाच्या मागच्या बाकावर बसलो. पोरं म्हणायची, ‘आले, मंडळाचे चौकीदार आले.’ मी हसायचो आणि बाकावर डोकं टेकायचो. समोर ती तारा सोलत, बॅटऱ्या जोडत बसलेली असायची. परतीच्या गाडीत ती त्याबद्दलच बोलायची. माझे डोळे मिटत असायचे. घरी गेल्यावर बैलांचं चारापाणी माझ्याकडे होतं.

बारावी संपत आली, पुढे यवतमाळच्या कॉलेजात जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी गाडीत ती म्हणाली, “दादा, तू गेला का माह्यं मंडळ बंदच समजू ना?”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं.

“शिकू नको असं नाही म्हनत मी तिले, बाबू. पन शेवटच्या गाडीनं एकटी पोरगी नाही येऊ देनार. तू असता तं गोष्ट येगळी होती.”

त्यांच्याशी वाद तरी काय घालणार? दोन्ही वर्षं मंडळाच्या प्रत्येक दिवशी ते फाट्यावर टॉर्च घेऊन आमची वाट पाहत उभे राहिले होते. गावातून त्या शाळेत जाणारं मोठं दुसरं कोणी नव्हतं.

मग सरांकडे गेलो. मंडळ दुपारच्या सुटीत भरवता येईल का, एवढंच विचारलं. त्यांच्याकडे गणित आणि विज्ञान दोन्ही, शिवाय वरची सरकारी कामं. ते खडू झटकत म्हणाले, “मी जेवू कधी, तेच सांग मले.” मग म्हणाले, “पाहू.” आमच्याकडे ‘पाहू’ म्हटलं की माणूस समजायचं ते समजतो. मीही समजलो.

यवतमाळला आल्यावर विचारायला कोणी नव्हतं. तिच्या घरी फोन एकच, तोही वडिलांचा. त्यावर काय म्हणून फोन करू? दिवाळीत गावी गेलो तर ती मामाकडे गेलेली. आईला विचारलं तर म्हणाली, जाते शाळेत, मले काय मालूम बाकीचं. इथे कॉलेजातही मंडळं आहेत. नावं नोंदवा म्हणतात. मी अजून कुठेच नोंदवलं नाही. थकवा येतो नुसता.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. कापूस, बाबांचा गुडघा, सगळं सांगून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली:

“अन् हो, त्या पोरीची आई लय कावली आहे. आठवड्यातून दोनदा डबा तसाच वापस आनते म्हने. मास्तर सुटीतच मंडळ भरवते, बसचे सारे पोट्टे तिथंच बसते, खायाले फुरसत नाही कोनाले. तू समजाव तिले. तुह्यं आयकते ते.”