ई-रीडरवर पाठवलेला लाल पीस

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचाच मला पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. समोर आलेला प्रत्येक पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघालाच, तर नाइलाजाने पुढे सोडायचा, हे माझं काम.

गेली काही वर्षं मी टोपणनावाने ब्लॉग लिहितो. त्यात कंपनीचं नाव नसतं, पण शॉपफ्लोअरवरची माणसं, त्यांची भांडणं, साहेबलोकांचे नखरे सगळं असतं. हा उद्योग माझा आहे हे कळलं तर नोकरी जाणार, याबद्दल मला शंका नव्हती. बाकी सगळ्यांबद्दल होती.

एक दिवस मेल आला. ‘तुमचे सगळे लेख ई-रीडरवर वाचता येतील अशी एक फाइल करून द्याल का? आमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. ई-रीडरला कॅमेरा नाही, म्हणून तो आत नेऊ देतात.’ खाली नाव नव्हतं.

मोबाईल गेटवर जमा, म्हणजे माणूस कारखान्यातला. आमच्याही गेटवर हाच नियम. आणि सगळे लेख एकदम कशाला हवेत? पुराव्याचं गाठोडं आयतं हातात पडावं म्हणूनच ना! कंपनीच्या बसमध्ये माझ्यापुढे दोन सीट सोडून एचआरचे साहेब बसतात आणि त्यांच्या हातात रोज ई-रीडर असतो. पिंपळे सौदागरपासून चाकणपर्यंत मी त्यांच्या मानेकडे बघत प्रवास करू लागलो. एकदा मुद्दाम उठून मागून डोकावलो, तर त्यांनी पटकन पान बदललं. झालं, माझी खात्रीच पटली.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, त्यांनी तुमचा रजेचा अर्ज कधी धड वाचला नाही. ब्लॉग कशाला वाचतील?”

खरं तर सरळ नकार द्यायचा. पण आपले लेख कुणाला तरी पुस्तकासारखे वाचायचेत म्हटल्यावर मी हुरळलो, हे कशाला लपवू? दोन रविवार खर्ची घालून फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे लेख भरले, अनुक्रमणिका केली. पहिल्या खेपेला जोडाक्षरं फुटली, ती फॉन्ट बदलून जुळवली. आणि मग त्यात एक लाल पीस टाकला.

आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना, लाल रंग दिलेला एक मुद्दाम बिघडवलेला पार्ट तपासणीच्या मशीनला आधी दाखवतात. मशीनने तो पकडला तर दिवसभर त्याच्यावर भरवसा ठेवायचा, नाहीतर लाइन बंद. मी फाइलमध्ये तेच केलं. माझ्या एका विनोदी लेखात एक कंत्राटी ऑपरेटर होता. आकडा पुरा करायला त्याने रिजेक्टच्या डब्यातले पीस चांगल्या मालात मिसळले आणि मी त्याला कसं पकडलं, अशी ती गंमत. त्यात फाइलपुरतं एक वाक्य वाढवलं, की त्याचं मशीन दाराजवळ होतं. खरं तर ते खिडकीजवळ होतं. बाहेरच्या वाचकाला त्याचं काहीच नाही, पण आतल्याला खटकणार आणि तो बोलणार.

आठ दिवसांनी उत्तर आलं.

‘फाइल छान उघडली. जेवणाच्या सुट्टीत अक्षर मोठं करून वाचतो. मशीन दाराजवळ नव्हतं, खिडकीजवळ होतं. आणि ते पीस मी मिसळले नव्हते, साहेब. तेव्हाही सांगितलं होतं.’

एचआरचे साहेब नव्हतेच. तोच होता, आता दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत.

त्या दिवशी मी त्याला डब्याजवळ वाकलेलं पाहिलं होतं. एवढंच पाहिलं होतं. “साहेब, मी न्हाई टाकले. हातमोजा पडला व्हता, त्यो उचलत व्हतो,” असं तो सांगत होता आणि मी रिपोर्ट लिहीत होतो. रिपोर्टात कामगाराच्या म्हणण्याला वेगळा रकाना असतो. तो मी कोरा सोडला. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद झाला. वर मी त्याच्यावर लेख लिहून लोकांची वाहवा घेतली! मला माझी लाज वाटली. भीतीही वाटली, कारण मी कोण हे त्याला केव्हाच कळलं होतं. त्याच्या एका फोनवर माझी नोकरी गेली असती. त्याने फोन केला नाही, माझी चूक तेवढी दाखवली.

लेख काढून टाकणं सोपं होतं. मी तो नव्याने लिहिला. मी काय पाहिलं, काय पाहिलं नाही, तो काय म्हणाला आणि मी काय लिहून घेतलं नाही, सगळं. ब्लॉगवर टाकला, नवी फाइल केली, त्याला पाठवली. मेलमध्ये माफी मागितली, दाराजवळचं ते वाक्य लाल पीस म्हणून मुद्दाम टाकलं होतं हेही कबूल केलं आणि खाली पहिल्यांदाच माझं खरं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला. ‘मिळाली. वाचायच्या आधी विचारतो, राग मानू नका. ह्यात लाल पीस कुठं टाकलाय?’

राग कसला मानणार? ‘मी नाही टाकला,’ एवढंच लिहून पाठवलं, आणि तो विश्वास ठेवतो की नाही याची वाट बघत बसलो.