मशेरीची डबी

दाढ दुखायला लागली ती नेमकी सहलीच्या चार दिवस आधी. मेलीला सबंध वर्षात दुसरा मुहूर्त सापडला नाही.

आमचे हे पेणला शाळेत मास्तर. शाळेची सहल दर वर्षी निघायची, पण ती मास्तरांचीच. बायका घरी. आम्ही कुरकुर केली तेव्हा कुठे 'सहकुटुंब' ठरलं, आणि ठरल्यावर तीन वर्षं रखडलं. एकदा इन्स्पेक्शन आलं, एकदा हेडमास्तरांकडे सुतक, एकदा कोणाच्या तरी मुलीचं लग्न. शेवटी जानेवारीतला एक रविवार पक्का झाला. रोह्याला एका मास्तरांचं नदीकाठी शेत होतं. सकाळच्या गाडीने जायचं, भर दुपारी पोपटी लावायची, म्हणजे पाल्यात शेंगा घालून मडकं जाळात भाजायचं, संध्याकाळी परत. मी साडी आठवडाभर आधीच इस्त्री करून ठेवली होती.

त्या सहलीवर माझं एवढं काय अडलं होतं ते सांगते. मी कासूकडची, शेतकऱ्याची मुलगी. वडील भात काढून झालं की त्याच शेतात वाल लावायचे. लग्न होऊन आले ते सासरे मास्तर, दीर मास्तर अशा घरात. मी 'नाय' म्हटलं की दीर हसायचे. सहा महिन्यांत 'नाही' म्हणायला शिकले. पण मास्तरांच्या बायकांचं जे मंडळ हेडमास्तरांच्या घरी शनिवारी भरायचं, त्यात सात वर्षांत मला कोणी बोलावलं नव्हतं. ते सगळं हेडमास्तरीणबाईंच्या हातात. उंच, गोऱ्या, अंबाड्यात एक फूल, आणि बोलणं असं की शब्द निवडून पाखडून घेतलेला. मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. आज सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता.

त्यात माझं एक गुपित. मी मशेरी लावायची. माझी आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि घरातल्या आम्ही सगळ्याजणी सकाळी ती बोटाने दातांना घासायचो. त्यात लपवण्यासारखं काही असतं हे मला पेणला आल्यावर कळलं. सोडून बघितली, तर डोकं दिवसभर भणभणायचं. मग माहेराहून आणून कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत ठेवायला लागले. सगळ्यांच्या आधी उठायचं, मोरीत बसून लावायची, तोंड खळखळून धुवायचं. ह्यांनी कधी विचारलंच तर काळं दंतमंजन म्हणून सांगायचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

तर ती दाढ. लवंग झाली, हिंग झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. हे दोनदा म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ. मी ऐकलं नाही. दाढ काढायची म्हटली असती तर सहल बुडाली असती, आणि डॉक्टरने तोंडात बॅटरी मारली असती तर सगळंच बाहेर आलं असतं. रविवारी सकाळी शेवटी डबी उघडली आणि चांगली बोटभर मशेरी दाढेच्या कडेला दाबून बसवली. आमच्याकडे दाढ दुखली की हेच करतात. त्या मशेरीनेच हिरड्यांची वाट लावलेली असते, पण तेव्हा कोणाला ठाऊक! हळूहळू गाल बधिर झाला. ठणका थांबला नाही, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा लांब गेला. डबी मी ब्लाऊजमध्ये खोवली आणि निघाले.

गाडीत हेडमास्तरीणबाई समोरच बसल्या. इतकी वर्षं वाट बघून जागा मिळाली ती अशी, आणि माझ्या तोंडात मशेरी. त्या काही विचारायच्या, मी मान हलवायची. कासू आलं. फलाटावर आमच्या गावच्या दोघीजणी वालाच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मी पदर गालावर ओढला आणि दुसऱ्या खिडकीकडे बघत बसले. गाडी सुटेपर्यंत मान वळवली नाही.

शेतावर मडकं भरायची गडबड चालली होती. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. एरवी मी पहिली पुढे झाले असते, माझा हातखंडा होता तो. पण तोंड भरून आलं होतं. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी वालाच्या वाफ्यांमागून नदीवर गेले, थुंकले, चूळ भरली, आणि डबी काढून पुन्हा दाढेशी चिमूट दाबली. डबी आत खोवते आहे तोच मागे पाचोळा वाजला.

हेडमास्तरीणबाई होत्या. एकट्याच. इकडेतिकडे बघितलं, माझ्या शेजारी दगडावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडं हाय का गो थोडी? माझी घरीच रायली. सकाळपासून डोकं नुसतं भणभणतंय."

माझ्या आईचं बोलणं, आणि ते त्यांच्या तोंडून. त्यांनी हात पुढे केला होता. तळहातावर चिमूटभर ठेवायची, बस. एवढंच करायचं होतं. मला वाटलं, ह्या परीक्षा घेताहेत. मला वाटलं, शनिवारी सगळ्या मिळून हसतील. खरं तर काय वाटलं तेही धड सांगता येत नाही. तोंड आपोआप चाललं.

"नाही हो," मी म्हणाले. "लवंगेचं तेल लावलंय. आमच्याकडे मशेरी कोणी लावत नाही."

त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला. "बरं," म्हणाल्या. उठल्या आणि गेल्या.

पोपटी उघडली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनीच सांगितलं, वहिनींची दाढ दुखतेय, त्यांना बटाटा द्या मऊसा. मी तो डाव्या बाजूने खाल्ला. चव लागली नाही. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. सबंध दुपार मी तिथे होते, लोक हसत होते, शेंगा सोलत होते, आणि मला कशाचं काहीच होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला धरूनच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन दिलं, अर्धं तोंड गेलं, दाढ निघाली. डॉक्टर ह्यांना म्हणाले, बाईंची मशेरी बंद करा. मी डोळे मिटून घेतले. हे नुसतं बरं म्हणाले. रस्त्यात मी लोंबत्या ओठाने कशीबशी विचारायला लागले, तर म्हणाले, "अगं, लग्न झालं त्या आठवड्यातच कळलं मला. वास येत नाही होय? तू लपवतेस म्हणून मी गप्प."

मला रडायचं होतं. अर्ध्या तोंडाने रडताही येईना.

पुढच्याच शनिवारी मंडळात बोलावणं आलं. दहा वर्षं मी त्या घरी गेले, चिवडा खाल्ला, भजनं म्हटली. हेडमास्तरीणबाई माझ्याशी फार चांगल्या वागल्या. शब्द तसेच निवडून पाखडून घेतलेले. नदीवरचं ते बोलणं पुन्हा कधी कानावर आलं नाही.

हेडमास्तर रिटायर झाले आणि ती दोघं गावी परत निघाली. सामान बांधून झालं होतं. मी निरोप द्यायला गेले ती डबी घेऊन. कोल्ड क्रीमचीच, आईने ताजी भाजून दिलेली मशेरी भरलेली. स्वयंपाकघरात त्या एकट्या होत्या. मी डबी उघडून पुढे धरली आणि म्हटलं, "हाय माझ्याकडं. तवापण होती."

त्यांनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जराही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला तेव्हाच वास आला होता हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मागितली." मग डबीचं झाकण लावलं आणि माझ्या हातात परत दिली. "आता मी सोडली. तुम्हीही सोडा."