पातळ थर

उजेडावर माझ्या मावशीच्या यजमानांचा जितका विश्वास होता, तितका स्वतः सूर्याचाही नसेल. मी नोकरी लागल्यावर गिरगावात त्यांच्याकडेच राहायचो आणि त्यांना काका म्हणायचो. काकांच्या मते जगातली कुठलीही वस्तू उजेडात पसरली की सुधारते. गाद्या, पुस्तकं, शेजाऱ्यांच्या सर्दी झालेल्या सासूबाई, सगळ्यांना ते चाळीच्या गच्चीवर नेऊन ठेवायचे. "ढीग घालून काय उपयोग? वरच्याला ऊन, खालच्याला अंधार! पातळ थर हवा, पातळ थर!" पोळीला तूप असं लावायचे की पोळीला पत्ता लागू नये. एकदा शेजारची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी मावशीने केलेला शिरा निवावा म्हणून त्यांनी परातीत इतका पातळ थापला, की तो उलथन्याने खरवडून वाढावा लागला. लग्न मात्र जमलं.

काका परळच्या एका इस्पितळात रक्तपेढीचे डॉक्टर. दान केलेल्या रक्तातल्या लाल पेशी खाली बसल्या की वर पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा. त्या काळी बऱ्याच जणांचा प्लाझ्मा एकत्र करून बाटल्या भरत. त्यातल्या एकाच्या रक्तात जरी काविळीचा विषाणू असला, तरी सगळी खेप नासायची. माझा मामा, म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मांडीत गोळी लागून आला तेव्हा काकांनीच स्वतःच्या हाताने त्याला बाटली लावली. मामा वाचला, घरी आला, आणि काही महिन्यांनी काविळीने गेला. मावशीने काकांना कधी बोल लावला नाही. काकांनी मात्र रक्तपेढीत एक जांभळा दिवा आणून बसवला. त्या प्रकाशात विषाणू मरतो, हे त्यांचं म्हणणं. इस्पितळाचे मोठे साहेब म्हणाले, "अहो, परदेशात लोकांनी हा नाद सोडला. दिव्याखालून काढलेल्या बाटल्यांनीही कावीळ झालीच."

"त्यांनी थर जाड ठेवला, साहेब," काका म्हणाले, आणि फिरत्या काचेवर प्लाझ्मा सायीहून पातळ पसरेल असं एक यंत्रच त्यांनी खटपटीने बनवून घेतलं. दिव्यापुढे डोळ्यांवर घालायचा काळा चष्मा ते ट्रॅममध्येसुद्धा काढायला विसरायचे, त्यामुळे कंडक्टर त्यांना हात धरून उतरवायचा. काकांना वाटायचं, मुंबईत डॉक्टरांना काय मान आहे!

साहेब काही केल्या तो प्लाझ्मा रोग्यांना द्यायची परवानगी देईनात. तेव्हा दिवाळी सरल्यावर काकांनी एक उद्योग केला. ज्या खेपेने दोन रोग्यांना कावीळ झाली होती, तिचीच उरलेली बाटली दिव्याखालून काढली आणि स्वतःच्या शिरेत लावून घेतली. रात्री जेवताना चटणी मागावी तितक्या सहज ते सांगितलं. मावशी ताटावरून उठली आणि तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. कावीळ अंगात सहा-सहा महिने दडून बसते, आणि तेवढे महिने ती बोलणार नव्हती. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. "त्यांना म्हणावं, चष्मा काढा." मग काका रोज सकाळी गॅलरीत चष्मा काढून उभे राहायचे आणि मावशी लांबून त्यांचे डोळे निरखायची. हळूहळू सगळ्या चाळीलाच ते व्यसन लागलं. "डॉक्टर, जरा वर बघा हो!" असं म्हणून भय्यादेखील डोळे तपासल्याशिवाय दूध घालीनासा झाला.

असे दिवस काढता काढता आंबे आले. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं आणि चाळीत पताका, दिव्यांच्या माळा लागत होत्या. गच्चीवर काका नेहमीप्रमाणे आंबापोळीसाठी थाळ्यांत रस पसरत बसले होते. तेवढ्यात वाळवण बघायला गेलेल्या शेजारच्या मालवणी काकू वरून ओरडल्या, "अगो बाय माझ्या! डॉक्टरांचे हात पिवळे झाले गो!"

मावशी कणकेच्या हातांनी जिने चढली. तिने काकांचा हात ओढला आणि पदराने खसाखसा पुसला. पिवळं पदराला लागलं. तिने पदर हुंगला. हापूस! तरी तिची खात्री पटेना. तिने त्यांचा चष्मा ओढून काढला, हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. डोळे पांढरेशुभ्र होते. मग ती थाळ्यांकडे वळली आणि इतक्या महिन्यांनी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली.

"थर जाड झालाय तुमचा."

"आज मुदत संपली ना गं," काका म्हणाले. "सकाळपासून हातच स्थिर राहत नव्हता."

त्या दिवशी मावशीने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. लोक पेढा तोंडात टाकून महाराष्ट्राचा जयजयकार करायचे, की ही लगेच बजावायची, "राज्याचे संध्याकाळी मिळतील. हे ह्यांच्या डोळ्यांचे!" काकांनी इस्पितळात नेलेला पेढा खाऊन साहेबही म्हणाले, "डॉक्टर, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही." "मान्य," काका म्हणाले, "पण एक तर वाचला!" त्यांची छाती अशी फुगली होती की राज्य जणू त्यांनीच मिळवलं.

साहेबांचं म्हणणं खरं होतं. त्या दिव्याचा पुरता भरवसा देता येईना, आणि पुढे तो अडगळीत गेला. आता काकाही नाहीत, मावशीही नाही. परवा माझी डॉक्टर पुतणी सांगत होती, की हल्ली काही ठिकाणी प्लाझ्माच्या पिशवीत एक औषध मिसळून ती दिव्याखाली ठेवतात, मग विषाणूंना वाढताच येत नाही. पिशवी म्हणे आडवी ठेवतात. मी विचारलं, "आडवी का गं?"

"थर पातळ राहावा म्हणून."

मी मान वर केली. भिंतीवरच्या फोटोत काका काळा चष्मा घालून बसले आहेत. फार वाटलं, त्यांना म्हणावं, काका, चष्मा काढा आणि बघा तरी.