चाकणची गुरुवारची उपासना आणि माझी एक रजा

रजा वाया जाणार होती म्हणून मी चाकणला गेले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटेल.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात न घेतलेली रजा महिनाअखेर बुडते. 'रावेतहून एका दिवसात कुठे जाता येईल' हा तुमचा नेहमीचा प्रश्न होताच, आणि सुशीलाबाईंचे फोनही येत होते. बाई म्हणजे पिंपरीच्या आमच्या मेथॉडिस्ट चर्चमधल्या माझ्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, शिक्षिका. आता त्या मुलाकडे चाकणला राहतात. दोन वर्षांपूर्वी पिंपरी कॅम्पाच्या बाजारात मी पडदे बघत असताना त्यांनी मला गाठलं.

"रोशनी, रविवारी दिसत नाहीस ती?"

"कंपनीत रविवारी काम असतं, बाई. सुट्टी गुरुवारी."

साफ खोटं. माझे रविवार भटकण्यात आणि त्यावर इथे लिहिण्यात जातात, ते तुम्ही वाचक जाणताच. पण इकडच्या कितीतरी लहान कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी असते, बाईंच्या मुलालाही. त्यांना शंका आली नाही. उलट चेहरा पडला त्यांचा. काही महिन्यांनी फोन आला, "चाकणला गुरुवारची उपासना सुरू केलीय आम्ही, पत्र्याच्या हॉलात. आता ये." तेव्हापासून मी टोलवत होते.

तर प्रवास. रावेतहून बसने पिंपरी, तिथे मिसळ (तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत), बाईंसाठी बेकरीतून अर्धा किलो खारी, मग भोसरी आणि भोसरीहून चाकणची बस. तिकिटांचं सगळं मिळून शंभराच्या आत भागतं. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत मजेत जाता, त्यानंतर कंटेनरच्या रांगेत अडकता. गुरुवारी गर्दी कमी असते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेजारचे आजोबा कंडक्टरला म्हणाले, "आमी चालत गेलो असतो तर येवढ्यात च्या पिऊन झाला असता."

"मग उतरा की."

"तिकीट काढलंय न्हाई का!"

मी हसले आणि फोनवर या लेखाचं शीर्षक टाइप केलं: 'पत्र्याखालचं चर्च : एक हटके संध्याकाळ'. तेही सांगायलाच हवं.

उपासना पाचला. एका प्रेसशॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्याच्या, वरचा पत्र्याचा हॉल. रविवारी खाली मशीन चालू असतं म्हणून पाळकसाहेबांना ओरडून संदेश द्यावा लागतो, गुरुवारी मात्र खालचं बंद. वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, पेटी, ढोलकी. दाराशी एकाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "जय ख्रिस्त, ताई! मी प्रकाश, जालन्याकडचा. आज ओव्हरटाइम होता, पण बाई म्हणल्या तुम्ही येणार, म्हून सोडून आलो."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यामुळंच तर गुरुवारची उपासना सुरू झाली. नाहीतर रविवारी कामावर असणारे आम्ही दीड वर्ष नुसतं मोबाईलवर भजनं ऐकायचो."

मला खाली बघावंसं वाटलं. बघितलंही. त्याच्या पायात कंपनीचेच बूट होते.

गीतं झाली. मी आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी, पण सूर लागेना. मग मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागणं. बाई एका शंभरपानी वहीतून नावं वाचू लागल्या. कुणाचं ऑपरेशन, कुणाची कंत्राटी नोकरी. आणि मग, "रोशनी, पिंपरी. रविवारची सुट्टी मिळावी." चष्म्यावरून माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "प्रभू, आज ती आली, तुझे आभार. पण रविवार अजून बाकी आहे."

"आमेन," सगळे म्हणाले. प्रकाशचा आवाज सगळ्यात मोठा. दर गुरुवारी हे असंच चाललं होतं, आणि त्यातले कित्येक गुरुवार मी पुढच्या रविवारचं हॉटेल शोधत होते.

पाळकसाहेबांचा संदेश छोटा होता. "पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. एखाद्याला देवापुढे उभं राहता येत नसेल, तर त्याची शिफ्ट आपण करायची. तो कधी येणार, हे विचारायचं नाही." त्यांना काहीही माहीत नव्हतं. तरी मला वाटलं, माझ्याकडेच बोट आहे.

नंतर चहा. बाई खारीचा पुडा सोडत होत्या. मी त्यांना जिन्यापाशी बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळं, पडद्यांच्या दुकानापासून.

त्यांनी पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळली. "मग आज कशी आलीस?"

"रजा घेतली."

"उपासनेसाठी?"

इथे तरी खोटं बोलायचं नव्हतं. "वाया जाणार होती, बाई."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी वही उघडली, पेनाने 'रविवारची सुट्टी मिळावी' यावर रेघ मारली. नाव तसंच ठेवलं. "सुट्टी तर आहे तुला. मग आम्ही तुझ्यासाठी काय मागायचं?"

तेवढ्यात प्रकाश कप विसळून आला. "ताई, काळजी करू नका. रविवार मिळंल तुम्हाला, आम्ही सोडणार नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला 'हो' म्हणाले आणि बस पकडली.

घरी येऊन ते हटकेवालं शीर्षक पुसलं. रविवारी कुठेच गेले नाही, ना फिरायला, ना चर्चला. पडदे धुतले. चाकणला जायचं असेल तर बसची माहिती वर आहे, पण तिथे काय बघण्यासारखं आहे हे मी सांगायला नालायक आहे.

काल परत गुरुवार होता. पाच वाजता मीटिंगमध्ये मला एक शब्द ऐकू येत नव्हता. रात्री न राहवून बाईंना फोन केला.

"माझं नाव वाचलंत?"

"वाचलं."

"पुढे काय म्हणालात?"

"काही नाही. नाव वाचलं आणि थांबले. प्रकाशने विचारलं, ताईंना सुट्टी मिळाली का? मी म्हटलं, ती येऊन सांगेल."

रजा आता एकही शिल्लक नाही. पुढच्या गुरुवारची मी बिनपगारी टाकली आहे.