आईच्या वाट्याची वेणी

चुलत बहिणीच्या लग्नात घरच्या बायकांसाठी वेण्या मी पाठवीन, असं मी आपणहून काकूला फोनवर सांगितलं. मी पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. रजा मिळाली ती हळदीच्या दिवसापासूनची. त्याआधी जाऊन कामाला हात लावणं जमणार नव्हतं, म्हणून निदान फुलं तरी आपल्याकडून जावीत, एवढंच मनात होतं. काकू म्हणाली, "पाठीव की. तेवढीच तुझी आठवण."

आमच्याकडं लोहाऱ्यात एसटी स्टँडजवळ फुलांचं एक दुकान आहे. देवाचे हार, लग्नातले हार, नवरदेवाची गाडी सजवणं, पुढाऱ्यांचे सत्कार आणि मयतीची फुलं, सगळं तिथंच मिळतं. अलीकडं दुकानदार फोनवर ऑर्डर घेऊन मोटारसायकलवरून घरपोच फुलं द्यायला लागला होता. मी फोन लावला, घर कुठलं ते सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"ताई, तुमच्या आईच्याच रानातली शेवंती हाय की माझ्याकडं. तुमचीच फुलं तुमच्याच घरी आणून द्यायची व्हय?"

"गुंफून द्यायची. वेण्या पाहिजेत."

"देतो की. माझी मंडळी लई झ्याक गुंफती. किती बायका हायत?"

मी बोटांवर मोजत सांगितलं. काकू, नवरी, दोन्ही आत्या, मामेबहिणी. मग म्हटलं, "आणि एक वेगळी बांधा. पांढऱ्या शेवंतीची. त्यावर आईचं नाव घाला."

मग तो म्हणाला, "तुमच्या आईला? बरं बरं. बांधतो." त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. त्यानं विचारलं नाही, हे त्याचं चांगुलपण.

माझे आप्पा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ते होते तोवर आईच्या डोक्यात फूल नाही असा दिवस मी पाहिला नव्हता. वाटणीत आमच्याकडं आलेल्या विहिरीजवळच्या पट्टीत ती शेवंती आणि झेंडू लावायची. पहाटे तोडणीला वाकली की पहिलं चांगलं फूल अंबाड्यात खोचायची आणि मग बाकीची टोपलीत. आप्पा गेल्यावर गल्लीतल्या बायकांनी आईचं काय काय काढून घेतलं ते मी सांगत बसत नाही. आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे त्या वेळी दुसरीकडं बघत असतात. नंतरच्या हंगामात मी गावी गेले होते, तेव्हा तिच्याबरोबर तोडणीला गेले. तिनं पहिलं फूल तोडलं, हात सवयीनं डोक्यामागं गेला, तिथंच थांबला आणि फूल टोपलीत पडलं. ती माझ्याकडं न बघता पुढच्या झाडाला गेली. बाजाराला टोपल्या भरून फुलं पाठवणारी ही बाई. तिच्या हातची फुलं उमरग्यापर्यंत बायकांच्या डोक्यात जात होती, आणि तिला एक चालत नव्हतं.

म्हणून ती वेगळी वेणी. मला वाटलं होतं, लग्नघर आहे, आनंदाचा दिवस आहे, माणसं घरचीच आहेत. नवरी तर आईनंच वाढवलेली. काकू तिच्या वेळेला बरीच आजारी होती, त्यामुळं पोरगी आमच्याकडंच असायची. शाळेत जाताना तिच्या वेण्या आई घालायची, रिबिनीची फुलं काढायची. ती आईला थोरली आई म्हणायची. ती म्हणेल, "थोरल्या आईला पण घाला," आणि मग कुणाचं काही चालणार नाही. असं सगळं मी पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी पोचले. काका आणि आम्ही एकाच आवारात राहतो, मधे एक तुळस. सगळ्या आवारावर मांडव घातला होता आणि मांडवाला खालपासून वरपर्यंत आईचा झेंडू. येणारा जाणारा बघून म्हणत होता, काय फुलं हायत! काकू सांगायची, "घरचीच हायत." घरची म्हणजे कुणाची, ते काही ती सांगत नव्हती.

आई मांडवात नव्हती. मी शोधत मागं गेले, तर आचाऱ्याच्या चुलाण्याजवळ पोत्यावर बसून लसूण सोलत होती. म्हटलं, "आई, इथं का बसलीस?"

"इथं बरं हाय. तिथं हळदीची गडबड."

"तुला बोलावलं नाही?"

"बोलवायचं काय त्यात? घरचंच तर हाय," ती म्हणाली आणि सोललेला लसूण फुंकून पातेल्यात टाकला.

दुपारी दुकानदार आला. मोटारसायकलच्या मागं बांधलेली टोपली, वर ओलं फडकं. बायका भोवती जमल्या. काकूनं वेण्या वाटायला घेतल्या. पिवळी शेवंती, मधे अबोली आणि हिरवा मरवा. खरंच झ्याक गुंफल्या होत्या. टोपली रिकामी झाल्यावर त्यानं तळातून केळीच्या पानात बांधलेली पुडी काढली आणि सरळ मनानं म्हणाला, "आणि ही मावशींची. ताईंनी वेगळी सांगितल्याली."

"कुठल्या मावशींची?" काकूनं विचारलं.

त्यानं आईचं नाव घेतलं.

एका आत्यानं पदर तोंडाला लावला. काकूनं पुडी हातात घेतली, पण उघडली नाही. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "अगं, तुला काय कळतंय का न्हाय? अक्काला येणी? आजच्या दिवशी?"

"का? तिच्याच रानातली फुलं आहेत."

"रानाचं कोण बोलतंय? पोरीला हळद लागायची हाय. पाव्हणे यायलेत. लोक काय म्हणतील?"

मी नवरीकडं बघितलं. ती पाटावर बसली होती, दोन्ही हात मेंदीचे, समोर मोबाइल धरून एक मैत्रीण तिचे फोटो काढत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, "तू सांग गं. तुझ्या थोरल्या आईनं वेणी घातली तर चालंल का न्हाय तुला?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग काकूकडं. मग मेंदीकडं बघत म्हणाली, "मला काय विचारती? मम्मी सांगंल तसं."

काकूला कधी ती मम्मी म्हणायला लागली तेही मला त्याच दिवशी कळलं.

मी काकूच्या हातातून पुडी घेतली आणि मागं गेले. आईला काही बोलू दिलं नाही. तिच्या मागं बसले, पान उघडलं आणि पांढरी वेणी तिच्या अंबाड्याभोवती फिरवून पिन लावली. तिचे केस तोवर बरेच पिकले होते. आई हलली नाही. तिच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग तिचा हात वर आला, फुलांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. मला वाटलं, जिंकलं.

"थंडगार हाय," ती म्हणाली. आणि लगेच, "काढ."

"नाही काढणार."

"काढ म्हणते ना. तू लावलीस, मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पर आता काढ. उद्या त्या पोरीच्या संसारात काय वाकडं झालं, तर ते माझ्या डोस्क्यावर येतंय. तू जाशील पुण्याला. मला इथं त्यांच्या दारातनं पाणी आणायचंय."

तेवढ्यात काका आले. त्यांनी आवाज चढवला नाही. हात जोडूनच म्हणाले, "वहिनी, ही शिकल्याली हाय, हिचं सोडा. पर तुमाला तर कळतंय न्हवं? आजच्या दिवस तरी आमच्यावर एवढी मेहेरबानी करा."

आईनं स्वतःच पिन काढली. वेणी माझ्या हातात दिली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि काकांना म्हणाली, "जावा तुमी. पाव्हण्यांकडं बघा." इतकी वर्षं मान ठेवून, हात जोडून या घरात जे जे करून घेतलं गेलं, ते सगळं असंच झालं होतं. ओरडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मी ती वेणी घेऊन मांडवात गेले तेव्हा काकू म्हणाली, "आण, देवीच्या फोटोला घालू. वाया कशाला?" मी दिली नाही. पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अक्षता टाकताना आई सगळ्यांच्या मागं, जनरेटरजवळ उभी होती. तिथनं मंगलाष्टकं ऐकूही येत नव्हती. बाकीच्यांचे हात वर गेले की तीही अक्षता टाकायची. त्या पुढच्या माणसांच्या पाठीवर पडायच्या.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "शेवंतीवर ट्रॅक्टर घातला."

मला आधी कळलंच नाही. "कशाला? अजून तर बहार होता ना?"

"व्हता. कळ्या व्हत्या लई. गहू टाकला."

"काका काही बोलले?"

"बोलले की. म्हणले, येडी झाली का. म्या म्हणलं, गुडघं दुखत्यात, वाकवत न्हाय तोडणीला."

संक्रांतीला नवरी माहेरी आली. पहिली संक्रांत, हळदीकुंकू मोठं करायचं होतं. काकू तुळशीपाशी येऊन आईला म्हणाली, अक्का, दोन टोपल्या फुलं तरी ठेवायची व्हती. आई म्हणाली, "दुकानात मिळत्यात. फोन लावला की घरी आणून देतो त्यो." हे आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"बरं कशाचं? तेवढं एक वासाचं व्हतं हाताला. आता तेबी न्हाय."

मला तिचा तो सूड वाटला होता, आणि मी पुण्यात बसून त्याचं कौतुक करत होते. ती मात्र रोज पहाटे त्याच वेळेला जागी होत होती आणि जायला कुठं नव्हतं.

शिमग्याच्या आधी मी गावी गेले. लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरले तर चुलत बहीण समोर. सासरी निघाली होती, उमरग्याच्या जीपची वाट बघत. अंगावर नवी साडी, डोक्यात ताजी वेणी. आम्ही दोघी हसलो, एकमेकींची तब्येत विचारली. मग तिनं जरा थांबून विचारलं, "थोरली आई बरी हाय का?"

म्हणजे चार दिवस माहेरी राहून ती तुळस ओलांडून आली नव्हती.

"आत्ताच उतरतेय मी," म्हटलं. "चल की माझ्याबरोबर. भेटून जा. तुझी आठवण काढते."

तिनं स्टँडच्या फाटकाकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं, का मलाच तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे. जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"जागा धरलीया गं," ती म्हणाली, "पुढच्या टायमाला येते," आणि वेणी चुरगळू नये म्हणून मान वाकवून, जपून जीपमध्ये चढली.