पोटावरचे शेक

अमरावतीच्या किडनीच्या डॉक्टर माधवींनी साधाच प्रश्न विचारला होता. "शेक घेतल्यावर दरवर्षी बीपी आणि लघवी तपासत होतात ना?"

"कोनी सांगतलंच नाई," इंदूबाई म्हणाल्या, आणि तिथंच त्यांच्या डोक्यात सणक गेली.

चांदूर रेल्वेच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं काढलेली ही बाई. नऊ वर्षांपूर्वी जठरात कॅन्सरची गाठ निघाली. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात महिनाभर पोटावर रेडिएशनचे शेक दिले. गाठ विरघळली, घरी पेढे वाटले. मग दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले, डोकं ठणकायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. नवऱ्यानं, देवानंदनं, निदानच करून टाकलं. "गुडघ्याच्या गोळ्या गिळू गिळू ओढवून घेतलं तुनं." गुडघेदुखीची ती गोळी त्या घ्यायच्या महिन्यातून एखादी. तरी रोज ऐकून ऐकून इंदूबाईंनाही ते खरं वाटू लागलं होतं.

आता अमरावतीत, सोनोग्राफीत आक्रसलेली दोन्ही मूत्रपिंडं दाखवत डॉक्टर माधवी सांगत होत्या, "ही जठराच्या मागंच असतात, किरणांच्या वाटेत आली. रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांचं अस्तर तेव्हाच दुखावलं. लगेच काही दिसत नाही. शरीर ती जखम वर्षानुवर्षं भरत राहतं आणि गाळणीच्या जागी घट्ट वण तयार होतो. भाजल्यावर हातावर उठतो तसाच. वणातून रक्त गाळलं जात नाही. त्यानं बीपी चढतं, आणि चढलेलं बीपी उरलेली गाळणीही खराब करतं."

"मंग गुडघ्याच्या गोळ्या?"

"महिन्याला एका गोळीनं एवढं होत नसतं."

शेजारी बसलेल्या देवानंदची मान खाली गेली.

सोमवारी फाइल घेऊन इंदूबाई एकट्याच शेक दिलेल्या त्या जुन्या दवाखान्यात गेल्या. कॅन्सर विभागात तरुण डॉक्टर होता. "मावशी, तेव्हा जीव वाचवणं महत्त्वाचं होतं. वाचलात ना?"

"वाचली. म्हनून तोंड शिवून बसू का? गावातल्या लेकरायचं वजन दर महिन्याले कार्डावर लिवलं म्या. एक महिना चुकला त वरून कागद ये. तुमाले माह्या कागदावर एक ओळ काहून नाई लिवता आली?"

त्यानं फाइल उघडली. सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं, 'गाठ दिसत नाही. गरज वाटल्यास दाखवणे.' "चुकलंच," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं इंदूबाईंचा राग तसूभर उतरला नाही. "मंग आता लिवा."

"तुमच्या कागदावर?"

"माह्या कायले? बाहेर बाकड्यावर बसले त्यायच्या."

त्या दिवशी पोटावर शेक झालेले पाच जण रांगेत होते. पाचही कागदांवर 'दरवर्षी बीपी, लघवी आणि रक्त तपासणे' असं लिहून होईपर्यंत इंदूबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या. मागचे लोक कुरकुरले. त्या हलल्या नाहीत.

वण पुसला जाणार नाही, औषधानं फक्त वेग कमी होईल, असं डॉक्टर माधवींनी सांगितलंय. कधीतरी डायलिसिस लागेल. देवानंद आता रोज सकाळी स्वतः बीपी मोजतो, अळणी वरण स्वतःही खातो. परवा कसाबसा म्हणाला, "माहं चुकलं."

इंदूबाईंनी दंडाचा पट्टा सोडला. "दोन वर्षं बोल लावला तुमी मले," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर नाई जात ते."